काळ्या मातीतली दफने

इजिप्तमध्ये मृतदेह टिकले ते आधी वाळवंटाच्या कोरड्या वाळूमुळे. खारांनी देह सुकवून कापडात गुंडाळण्याची कला मागाहून बहरली. विदर्भाच्या मातीचा स्वभाव निराळा. शेलूबाजारच्या शिवारात कापूस-सोयाबीन पिकवणारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत देह टिकत नाही, हाडेही ठिसूळ होऊन तुटतात. त्यामुळे इथल्या प्राचीन दफनविधीचा शोध घ्यायचा तो दगड, लोखंड आणि तांब्यातून.

नागपूरच्या आसपासच्या बरड माळांवर हा पुरावा दाटीने आढळतो. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला दफनांवर रचलेली सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे पहिले उत्खनन केले. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे, आत माती नि गोट्यांची भर घालायची, अशी ही रचना. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. काळ साधारण इ.स.पू. पहिल्या सहस्रकातला.

नागपूरजवळच्याच माहूरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०-७२ मध्ये झालेल्या उत्खननाने ही वर्तुळे रचणाऱ्या समाजाची खरी ओळख करून दिली. मृतासोबत काळी-तांबडी भांडी, रंगीत दगडांचे मणी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या मुठीची कट्यार ठेवलेली होती. आणि घोडा! त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज, जवळ लोखंडी लगाम. घोड्याच्या हाडांवर घावांच्या खुणा आहेत. म्हणजे धन्यामागे त्याला मारून पुरले असावे. जिवंतपणी ज्याच्यावर मांड ठोकली, त्याची सोबत मेल्यावरही हवी, ही भावना त्या पत्र्यांत आजही दिसते. इजिप्तच्या सोन्याच्या मुखवट्यांइतकेच हे पत्रे बोलके आहेत, पण आपल्या शाळकरी मुलांना मुखवटे ठाऊक असतात, पत्रे नाहीत.

दफनांतले एवढे लोखंड आले कुठून, याचा उलगडा नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला झाला. १९७८-८० च्या उत्खननात तिथल्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. मातीच्या विटांची भट्टी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, भोवती लोहकिट्ट. मृताच्या उशाशी ठेवलेली कुऱ्हाड दूरदेशीच्या व्यापाऱ्याकडूनच आली असेल असे नाही. ती याच परिसरातल्या लोहाराच्या हातची असू शकते.