तीन लाख रोजगार मोजायचे कसे?

कोणत्या कसबाची किती माणसे लागतील, हा सरकारी हिशेब बहुधा गुंतवणुकीपासून सुरू होतो. इतके कोटी आले की इतके उत्पादन, त्याला इतके कामगार, त्यांत इतके फिटर, इतके शिलाई ऑपरेटर. मग त्यावरून आयटीआयच्या जागा. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बदनावरजवळ भैंसोला येथे ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन 17 सप्टेंबर 2025 रोजी झाले. तेव्हा गाजलेला 3 लाख रोजगारांचा आकडा याच जातीचा. अप्रत्यक्ष रोजगारही त्यात धरलेले.

या साखळीची मधली कडी कच्ची असते. सूतगिरणीत घातलेला पैसा मुख्यतः यंत्रांत जातो. माणसे लागतात ती रिंगफ्रेमवर धागा सांधणारी आणि देखभालीचे फिटर, इलेक्ट्रिशियन. तोच पैसा तयार कपड्यांच्या कारखान्यात घातला तर कटिंग, ओव्हरलॉक, तपासणी यांवर कितीतरी अधिक हात लागतात, त्यांत बायका बऱ्याच. कताई किती आणि शिलाई किती हे ठरेपर्यंत एकूण आकडा हवेतलाच.

भारताने हा खेळ पूर्वी मोठ्या आत्मविश्वासाने खेळला. 1962 मध्ये दिल्लीत उपयोजित मनुष्यबळ संशोधन संस्था निघाली. कोठारी शिक्षण आयोगाने (1964-66) वीस वर्षांपुढचे कोष्टक मांडले. इंजिनिअर कमी पडणार म्हणून त्यांच्या जागा वाढवल्या गेल्या होत्या. मग 1965चे युद्ध, लागोपाठ दुष्काळ, मंदी. दशक संपता संपता पदवीधर इंजिनिअर बेकार आणि प्रवेशांना कात्री. गुणाकार बिनचूक होता. पाऊस कोष्टकात नव्हता. पुढे 2009च्या कौशल्य धोरणाने 2022 पर्यंत 50 कोटी लोकांना कौशल्य देण्याचे ठरवले, 2015च्या धोरणात ते सुमारे 40 कोटींवर आले. अमेरिकेचे कामगार सांख्यिकी खाते दहा वर्षांचे अंदाज काढते आणि नंतर ते किती चुकले तेही छापते. आपल्याकडे नवा आकडा आला की जुन्याची विचारपूस कोणी करत नाही.

मध्य प्रदेशातल्याच देवासची अडचण वेगळी. गजरा गिअर्ससारख्या कारखान्यांमुळे तिथे गिअर कापणारे कसबी कामगार तयार झाले. विजेच्या गाडीत मात्र गिअर मोजकेच. ‘इतक्या गाड्यांमागे इतके मशिनिस्ट’ हे कालचे प्रमाण पुढच्या दशकाला लावले, तर आयटीआयतून नको त्या ट्रेडची मुले बाहेर पडतील. मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा; ट्रेड मंजूर होणे, यंत्रे येणे, निदेशक मिळणे याचा वेळ वेगळाच.

‘संकल्प’ या केंद्राच्या कौशल्य योजनेतून आलेले जिल्हा कौशल्य आराखडे त्यामानाने जमिनीवरचे, कारण त्यात स्थानिक कारखानदाराला विचारता येते. तो मात्र हातातल्या ऑर्डरींपलीकडचे क्वचितच सांगतो. पुरवठ्याची बाजू तर आणखी निसरडी. धार-झाबुआचे आदिवासी मजूर हंगामात बांधकामावर गुजरातेत जातात. ते गावी असताना मोजले की नसताना, यावर जिल्ह्याची ‘तूट’ पालटते. नमुना पाहणीत एका जिल्ह्याच्या वाट्याला घरे थोडी येतात, आणि घरोघरची पूर्ण मोजणी 2011 नंतर थेट 2027च्या जनगणनेत व्हायची आहे.