गिरणीच्या जमिनीवरील कार्यालयीन मनोरे : प्रभादेवीचे उदाहरण
1982 च्या संपानंतर प्रभादेवी-परळ परिसरातील अनेक गिरण्यांचे बॉयलर थंडावले व त्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाचा प्रश्न निर्माण झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार ही जमीन महापालिका, म्हाडा व गिरणीमालक यांच्यात साधारणतः तीन वाट्यांत विभागली जाणे अपेक्षित होते. 2001 च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. 2005 मध्ये विकल्या गेलेल्या ज्युपिटर गिरणीच्या जागी कार्यालयीन मनोरे उभे राहिले. परंतु एल्फिन्स्टन रोड (2018 पासून प्रभादेवी) स्थानकाचा जुना पूल अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेथील चेंगराचेंगरीत 20 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. यावरून स्पष्ट होते की, पुनर्विकासात जमिनीच्या वाटणीइतकाच तेथे रोज येणाऱ्या माणसांच्या ये-जा करण्याच्या सोयीचा विचारही आवश्यक आहे.