विद्यार्थी परिषद : मशविऱ्याची पहिली शाळा

कॉलेजचे प्रवेश आटोपले की आपल्या घराघरांत एक ताकीद हमखास दिली जाते, "अभ्यास करायचा आणि सरळ घरी यायचं. पुढारीपणा करायचा नाही." मुलीला तर याहून कडक शब्दांत सांगितले जाते. या ताकिदीमागे भीती आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुलाचे नाव एखाद्या भांडणात आले तर त्याचे वर्ष वाया जाते. आपल्या मुलाचे नाव आले तर गोष्ट तिथेच थांबेल याची खात्री आईबापांना वाटत नाही.

पण याच मुलांची आणखी एक बाजू आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या टेबलावर अडकतो. परीक्षेचे वेळापत्रक ईदला चिकटून येते. वाचनालय चार वाजता बंद होते. मुलींच्या खोलीला कडी नसते. मूल घरी येऊन कुरकुरते, आपण "जाऊ दे, तीन वर्षांचा प्रश्न आहे" म्हणतो. हे प्रश्न ज्या टेबलावर सुटतात तिथे बसण्याचा हक्क विद्यार्थ्यालाही असतो, हे आपण त्याला सांगतच नाही. विद्यार्थी परिषद म्हणजे मुळात तो हक्क. या विषयाचा विचार करताना आम्हाला सर्वांत आधी आठवले ते अलीगढ.

अलीगढची युनियन

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला मदरसा सुरू केला, त्याचेच पुढे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज झाले. तेथे १८८४ साली विद्यार्थ्यांची वादसभा स्थापन झाली. पहिल्या प्राचार्यांच्या नावावरून तिला सिडन्स युनियन क्लब म्हणत. त्या वेळचे प्राचार्य थिओडोर बेक स्वतः केंब्रिजच्या युनियनचे अध्यक्ष राहिलेले होते, त्यामुळे नमुना तिकडचाच घेतला होता. विषय मांडायचा, दोन्ही बाजूंनी बोलायचे आणि शेवटी मत घ्यायचे. १९२० साली कॉलेजचे विद्यापीठ झाले आणि या क्लबाची विद्यार्थी युनियन झाली.

बोलायला शिकलेली मुले गप्प बसत नाहीत. ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, असे त्यांनी आवाहन केले. अनेक विद्यार्थी आणि काही शिक्षक बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबर रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. बाहेर पडलेल्यांत एम.ए. करत असलेले झाकिर हुसेन होते. पुढे ते १९२६ पासून जामियाचे कुलगुरू झाले, स्वातंत्र्यानंतर अलीगढचे कुलगुरू झाले आणि १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. एका विद्यापीठाची पायाभरणी विद्यार्थ्यांनी केली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

वाचनालयाचे दार

पण मोठ्या माणसांच्या गोष्टींनी घरातली भीती जात नाही. म्हणून अलीगढचीच अलीकडची, अगदी साधी गोष्ट सांगतो.

शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली अलीगढमध्ये मुलींची शाळा काढली. तीच आज विद्यापीठाचे वुमेन्स कॉलेज आहे. त्याचे आवार वेगळे, वाचनालय वेगळे आणि विद्यार्थिनींची युनियनही वेगळी. विद्यापीठाचे मुख्य वाचनालय म्हणजे मौलाना आझाद लायब्ररी. पदव्युत्तर वर्गाच्या मुली तेथे जाऊ शकत, पण पदवीच्या मुलींना तेथे बसून वाचण्याची सोय नव्हती. या मुलींच्या युनियनने ती मागणी लावून धरली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ती मागणी देशभर गाजली. जागा अपुरी आहे असे उत्तर कुलगुरूंकडून आले. मुली आल्या तर मुलांची गर्दी चौपट होईल, असे त्यांचे विधानही वर्तमानपत्रांत छापून आले. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर पदवीच्या मुलींना प्रवेश मिळाला.

यात त्या मुलींनी काय मागितले होते? पुस्तक आणि वाचायला एक खुर्ची. एखादी मुलगी एकटी गेली असती तर कारकुनाच्या खिडकीवरून परत आली असती. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनी सर्वांच्या वतीने मागितले, म्हणून उत्तर देणे भाग पडले. परिषदेचे काम एवढेच आहे आणि ते लहान नाही. 'इक्रा' या आज्ञेने ज्या दीनची सुरुवात झाली, त्याच्या लेकींनी वाचनालयासाठी आवाज उठवला. याला आम्ही पुढारीपणा कसा म्हणावा?

उहुदचा धडा

कुरआनच्या एका सूरहचे नावच 'अश-शूरा', म्हणजे मशविरा. आपली कामे आपसांतील सल्ल्याने चालवणे ही श्रद्धावंतांची खूण त्या सूरहमध्ये नमाज आणि दानधर्माच्या जोडीने सांगितली आहे.

उहुदच्या लढाईआधी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाबांचा सल्ला घेतला. मदिनेतच राहून मुकाबला करावा, असा त्यांचा स्वतःचा कल होता. बाहेर पडून लढावे, असा आग्रह तरुणांनी धरला. पैगंबरांनी (स.) तो मान्य केला. लढाईत मुसलमानांचे मोठे नुकसान झाले, सत्तर सहाबा शहीद झाले. आता तरुणांना विचारणे बंद करा, असा आदेश यावा असे आपल्याला वाटले असते. पण उहुदनंतर उतरलेल्या आयतीत त्यांना माफ करण्याची आणि कामात त्यांचा सल्ला घेत राहण्याची आज्ञा आली.

म्हणजे एकदा निकाल वाईट लागला म्हणून मशविऱ्याचे दार बंद करायचे नसते. आमच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

आपल्या राज्यात काय झाले?

महाराष्ट्रात मात्र ते दार बंद केले गेले. कॉलेजच्या निवडणुकांत राजकीय पक्षांचा पैसा आणि गुंडगिरी शिरली, रक्तही सांडले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका संपवल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आला तो वर्गाचा प्रतिनिधी! अभ्यासू मुलाबद्दल आम्हाला आदरच आहे, पण ज्याला कोणी निवडले नाही तो कोणाला उत्तर देणार?

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुली निवडणूक पुन्हा मान्य केली. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी, कॉलेजचे अध्यक्ष आणि सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी अशी रचना त्यात आहे. विद्यापीठाच्या परिषदेला अधिसभेतही जागा आहे. २०१९ साली निवडणुकीच्या तारखा आल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या, मग करोना आला. कायदा कागदावर आहे, मतपेटी अजून दूर आहे. खुद्द अलीगढलाही २०१८ नंतर अनेक वर्षे निवडणूक झाली नाही. जामियातील युनियन तर २००६ सालीच बरखास्त झाली.

गुंडगिरीवर उपाय नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली तो सुचवला आहे. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के हवी आणि मागचा विषय राहिलेला नसावा. खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा. छापील पोस्टर लावायचे नाही. पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येईल. ज्या आईबापांना अभ्यासाची काळजी आहे, त्यांच्या मनातलेच हे नियम आहेत.

आपण काय करावे?

निवडणूक होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीत विद्यार्थी असतो. तक्रार निवारण समितीत विद्यार्थ्याला निमंत्रित म्हणून जागा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, तीन विद्यार्थी असावेत असा नियम आहे. आपल्या कॉलेजात या समित्यांवर कोण आहे, एवढे तरी मुलाला विचारायला सांगा.

घरातल्या पदवीधरांसाठीही एक काम आहे. विद्यापीठाच्या अधिसभेत दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडले जातात, त्यांतील एक जागा महिलेची. मुंबई विद्यापीठात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अशी निवडणूक झाली. मात्र मत देण्यासाठी आधी पदवीधर म्हणून नोंदणी लागते. पदवीचा कागद फ्रेममध्ये लावला आणि नोंदणीचा अर्ज कधी भरलाच नाही, अशी घरे आपल्यात किती असतील!

काही बुजुर्ग म्हणतील, पद मागू नये अशी हदीस आहे. खरे आहे. पद ही अमानत आहे आणि कयामतच्या दिवशी तिचा हिशेब आहे. मानासाठी, फलकावरच्या नावासाठी पद मागणाऱ्याने त्या हदीसची भीती बाळगलीच पाहिजे. पण हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली, कारण त्यांना ते काम येत होते आणि दुष्काळ समोर होता. फरक नीयतीचा आणि लायकीचा आहे. तेव्हा मुलाला "उभा राहू नकोस" म्हणण्याऐवजी "कशासाठी उभा राहतोस?" असे विचारा. उत्तर वाचनालय, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे पाणी असे असेल तर त्याच्या पाठीशी राहा. तो फक्त आपल्या मुलांपुरता न बोलता वर्गातल्या प्रत्येकासाठी बोलेल, हेही त्याला घरूनच शिकवा. पडोशाचा हक्क शेजारच्या बाकालाही लागू आहे.

आणि मशविऱ्याची सुरुवात घरातूनच करू या. पुढच्या वेळी घराचा एखादा निर्णय घेताना कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे मत आधी विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. घरात जिचे ऐकले जाते, तीच उद्या प्राचार्यांसमोर अदबीने आणि न घाबरता बोलू शकेल.

अल्लाह आपल्या मुलामुलींना हक्काचे बोलण्याची हिंमत आणि अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.