कर्जत-खालापुराकडील कातकरी : नांव, बोली व पुरावा

कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविणारांच्या हातीं वतनदारांचीं दप्तरें लागतात. कातकऱ्यांचें एकहि लागत नाहीं. ज्यांच्या बोलीस स्वतःची लिपीच नव्हती, त्यांचा स्वहस्ताचा कागद कोठून असणार?

प्रथम नांवाचा विचार करूं. संस्कृत 'क्वाथ' म्हणजे काढा; त्यापासून काथ, व पुढें कात. कात करणारा तो कातकरी; 'काथोडी' हें दुसरें नांवहि त्याच मुळाचें. खैर तोडून साल काढावी, आंतील तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळाव्या, रस आटवून थिजूं द्यावा व वड्या पाडाव्या, अशी ही कृति. १८७८ च्या जंगल-कायद्यानंतर राखीव वनें वाढलीं, तसा खैर हातचा गेला. नांव तेवढें राहिलें. पुढें कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर ते राबूं लागले.

सोन व ढोर हे त्यांचे मुख्य भेद. रामाच्या वानरांपासून आपली उत्पत्ति झाली, ही त्यांची कथा गॅझेटियरांत नमूद आहे. पंडितांनीं तिला हसण्यापूर्वीं वनवासांत रामाला साह्य कोणीं केलें हें आठवावें.

ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या मराठी खंडांत (१९०५) काथोडीचा समावेश आहे. परंतु तिच्यांत भिल्ली बोलींची छटा आहे. 'अशुद्ध मराठी' म्हणून ती सोडून देणें अशास्त्रीय होय.

संशोधकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कर्जत १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें. म्हणून तेथील जुनी माहिती कुलाब्याच्या (१९८१ पासून रायगड) खंडांत नव्हे, तर १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत शोधावी. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ चा आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेर येथील जंगल-सत्याग्रहांत पडलेल्या नाग्या महादू कातकरी ह्यांचें नांव तेवढें सर्वपरिचित झालें.

आज ह्या प्रश्नास निराळें महत्त्व आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें दावा करणारानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा ताबा दाखवावा लागतो. कातकऱ्याजवळ सनद नाहीं, सातबारा क्वचितच. परंतु २००८ च्या नियमांत, दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचें लेखनिविष्ट निवेदनहि पुरावा म्हणून ग्राह्य धरलें आहे. तेव्हां पोथ्यांसाठीं ह्या भागांत हिंडणाऱ्या संग्राहकांनीं वाडीवरील म्हाताऱ्यांचें कथनहि तारीख, स्थळ, सांगणाराचें नांव व अंगठा ह्यांसह उतरून घ्यावें, आणि त्याची एक प्रत वाडींतच ठेवावी.