वस्तऱ्यावरचे साल

अंधेरी-बोरिवलीच्या सलूनांत आता अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा चालतो. त्यामुळे घरातल्या जुन्या धोकटीत (नाभिकाच्या हत्यारांच्या पिशवीत) इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा अखंड पात्याचा वस्तरा सापडला, की त्याच्या टँगवरचा (पाते आणि शेपटी यांमधल्या बिनधारेच्या भागावरचा) आकडा हेच त्याचे जन्मसाल मानले जाते. वास्तविक तो आकडा बहुधा कारखान्याच्या स्थापनेचा वा बोधचिन्हाच्या नोंदणीचा असतो. झोलिंगेनच्या हेंकेल्स कारखान्याचे जुळ्यांचे चिन्ह 1731 मध्ये नोंदले गेले, म्हणून त्या सालाचा उल्लेख असलेला प्रत्येक वस्तरा अठराव्या शतकातला ठरत नाही. मिठाईच्या खोक्यावरील 'स्थापना' वर्षावरून आतल्या पेढ्यांचे वय कोणी काढत नाही.

अधिक भरवशाची खूण देशाच्या नावाची. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले आणि ती सक्ती 1891 पासून अमलात आली. त्यामुळे 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो, मात्र भारतात येणाऱ्या मालाला तो कायदा लागू नसल्याने नाव नसणे हा प्राचीनतेचा पुरावा होत नाही. मुकुटासह 'व्ही. आर.' ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीचा काळ (1837–1901) सुचवतात, 'जी. आर.' मात्र फसवी, कारण जॉर्ज नावाचे राजे 1830 पूर्वीही होते आणि 1910 नंतरही. मूठ सेल्युलॉइडची (शिंग वा हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या आद्य प्लास्टिकची) असेल तर ती साधारण 1870 नंतरची. पण मुठी बदलल्या जात, म्हणून मुठीवरून पात्याचे वय ठरवू नये.