काखेत हिरवळ

कूबर पेडीच्या गोल्फ मैदानावर खेळायला उतरणारा माणूस क्लबांच्या पिशवीबरोबर कृत्रिम गवताचा एक तुकडाही घेऊन निघतो. असेल पायपुसण्याएवढा. खेळ सुरू करताना तो जमिनीवर टाकायचा, त्यावर चेंडू ठेवायचा, फटका हाणायचा आणि तुकडा काखेत मारून पुढं चालू लागायचं. आख्ख्या मैदानात हिरवं म्हणावं असं तेवढंच. बाकी माती, खडे, धूळ. तरीही ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी तिथं आहे, यावरून मंडळींच्या विनोदबुद्धीची कल्पना यावी.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हे गाव ॲडलेडहून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, स्टुअर्ट हायवेच्या कडेला आहे. १९१५ साली सोन्याच्या शोधात आलेल्या एका तुकडीतला विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा पोरगा पाणी शोधायला गेला आणि त्याला ओपल सापडलं. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक पुढं इथं खणायला आले. खंदकात राहायची सवय झालेल्या या लोकांनी टेकड्या पोखरून घरं केली. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर जातो, पण भूमिगत घरात बारा महिने २३ ते २५ अंश. आजही गावातले बरेचसे लोक असेच राहतात. चर्च आणि हॉटेलंही जमिनीखाली आहेत. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या महाबळेश्वरला ऐन पावसाळ्यातल्या एका दिवसात इतका पडून जातो. पिण्याचं पाणी बोअरमधून उपसतात, ते खारं असल्यानं यंत्रातून गोडं करतात आणि मग जपून वापरतात. गंमत अशी, की ज्या रत्नासाठी हे गाव वसलं त्या ओपलच्या वजनात बहुधा सहा ते दहा टक्के पाणीच असतं. अशा ठिकाणी लॉनला पाणी घालायचा विचार कुणाच्या मनात यायचा?

म्हणून त्यांनी गवताशिवाय गोल्फ सुरू केला. हे कुणाला विक्षिप्त वाटेल, पण खेळाचा इतिहास पाहिला तर तसं वाटायचं कारण नाही. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वालुकामय पडीक जमिनीवर. तिथं शेती पिकत नसे, खुरटं गवत उगवे आणि मेंढ्या चरत. १४५७ साली स्कॉटिश संसदेनं या खेळावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागं धावत होते. चेंडू थोडा उंचावर ठेवण्यासाठी आज लाकडाची किंवा प्लास्टिकची छोटी खुंटी वापरतात, तिला टी म्हणतात. ही खुंटी फार अलीकडची. बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी लाकडी टीचं पेटंट घेतलं ते १८९९ साली, आणि ती सर्रास रुळली १९२०च्या दशकानंतर. त्याआधी दर होलच्या, म्हणजे मैदानाच्या दर टप्प्याच्या, सुरुवातीला ओल्या वाळूची पेटी ठेवलेली असे. चिमूटभर वाळू घ्यायची, जमिनीवर तिची ढिगुळी करायची आणि वर चेंडू ठेवायचा. म्हणजे स्कॉटलंडात गवतावर वाळू आणून ठेवत, कूबर पेडीत वाळूवर गवत आणून ठेवतात. मला तरी यात उलटं काही दिसत नाही. जमिनीत जे नाही ते मुठीएवढं बरोबर न्यायचं आणि बाकी जे आहे त्यावर खेळायचं, ही रीत दोन्हीकडं एकच.

प्रत्यक्ष खेळ मात्र वेगळा होतो. भाजून कडक झालेल्या जमिनीवर चेंडू पडला की थांबायचं नावच घेत नाही. गरम हवा विरळ असते, त्यामुळं तो हवेतही थोडा लांब जातो आणि खाली आल्यावर टणाटण उड्या मारत पुढं पळतो. नवखा माणूस पहिल्या फटक्याला हरखतो. एखाद्या खड्यावर आपटून चेंडू भलत्याच दिशेला उडाला, की तो हरखही उतरतो. गवताच्या मैदानावर चेंडू थोडा मागून मारला तरी माती सांभाळून घेते. इथं क्लब जमिनीवर आपटतो, मनगटाला झिणझिण्या येतात आणि चेंडू जेमतेम हलतो. अनुभवी खेळाडू उंच, नजाकतदार फटक्यांच्या नादी लागत नाहीत. ते बुटका फटका मारून चेंडूला घरंगळत नेतात. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाऱ्यात खेळणारेही हेच करतात.

चेंडू शोधणं हे आणखी एक काम. हिरवळीवर उठून दिसणारा पांढरा चेंडू पांढुरक्या खड्यांत दिसेनासा होतो, तेव्हा नारिंगी बरा. गावाभोवतीच्या खाणक्षेत्रात तर हजारो उभ्या विहिरी उघड्या आहेत. माणूस आत जाईल एवढ्या रुंद आणि कित्येक मीटर खोल. पळू नका, उलट्या पावलांनी चालू नका, असे इशारे देणारे फलक तिथं लावलेले आहेत. फोटो काढताना मागं मागं सरकणाऱ्या पर्यटकांसाठी दुसरा इशारा काय देणार!

सगळ्यात पाहण्यासारखं असतं ते ग्रीन, म्हणजे होलभोवतालची सपाट जागा. नेहमीच्या मैदानावर या जागेतलं गवत मिलिमीटरच्या हिशेबानं कापतात. वाळवंटात आणि दुष्काळी मुलखात बारीक वाळूत तेल कालवून ही जागा दाबून घेतात. तेलानं वाळू उडत नाही आणि वाऱ्यानं विस्कटत नाही. ऑस्ट्रेलियात याला ‘स्क्रेप’ म्हणतात. काळपट रंगाचं एक वर्तुळ आणि मधोमध झेंडा, असं त्याचं रूप. चेंडू त्यावर पोचला की आधी त्याच्या जागेची खूण करायची. मग लांब दांड्याला लावलेली पट्टी किंवा लोखंडी नळी ओढत चेंडूपासून होलपर्यंत एक गुळगुळीत वाट तयार करायची. चेंडू परत जागेवर ठेवायचा आणि त्या वाटेनं होलकडं ढकलायचा. झाल्यावर दंताळं फिरवून सगळं पूर्ववत करायचं, कारण मागून येणाऱ्यालाही स्वतःची वाट स्वतःच करायची असते. उतार किती, गवताचा कल कुठला, असल्या चिंतनात इथं कुणी गुडघ्यावर बसत नाही. वेग तेवढा नेमका लागतो. वाळू चेंडूला धरून ठेवते, म्हणून हात थोडा मोकळा सोडावा लागतो. एक तक्रार मात्र माझी आहे. या कामी पूर्वापार वापरलेलं इंजिन ऑइल ओतत आले, आणि ते शेवटी जमिनीतच मुरतं. पाणी वाचवलं म्हणून हे माफ होत नाही.

असल्या ग्रीनला मागास समजू नये. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचं दोन नंबरचं मैदान जगातल्या नामवंत मैदानांपैकी एक, पण तिथंही १९३५पर्यंत वाळूचीच ग्रीन होती. आपल्याकडं तर हा प्रकार चांगला परिचयाचा. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात निघाला, १८४२ साली मुंबईतही निघाला. पुढं लष्करी छावण्यांच्या गावोगावी मैदानं झाली. पाण्याची मारामार असेल तिथं तेल घातलेल्या वाळूची ग्रीन केली आणि तिचं नाव सरळ ‘ब्राऊन’ पडलं. हाच शब्द आखातातही चालला. १९७१ साली सुरू झालेल्या दुबई कंट्री क्लबात वाळूवरच खेळत, प्रत्येकाजवळ आपली चटई असे. १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबानं दुबईत गवताचं मैदान उभं केलं आणि वाळूचा क्लब हळूहळू मागं पडून २००७ साली बंद झाला. आखातात दिवस काढलेल्या जुन्या मराठी मंडळींपैकी कुणी हौशी असेल, तर त्याला ब्राऊन म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही.

पूर्ण फेरी १८ होलांची, पण उन्हात नऊ पुरतात. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. अठरा हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजला फेरी २२ होलांची होती. १७६४ साली काही छोटे होल एकत्र केले आणि १८ झाले. १८६० साली स्कॉटलंडातल्याच प्रेस्टविकला पहिली ओपन स्पर्धा झाली ती तर १२ होलांच्या मैदानावर, तीन फेऱ्यांत. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या कित्येक गावांची मैदानं नऊच होलांची आहेत. तिथं ना कॅडी, ना टाय लावलेला मॅनेजर. पत्र्याच्या क्लबहाऊसबाहेर एक पेटी असते, तिच्यात खेळाचे पैसे टाकायचे आणि निघायचं. कुणी पाहत नसतं. आणि नियमांनाही नऊ चालतात: खेळाडूची पातळी आकड्यात मांडणाऱ्या, २०२०पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप पद्धतीत नऊ होलांचा स्कोअरही धरला जातो.

कूबर पेडीकरांनी उन्हावर आणखी एक तोड काढली: चकाकणारे चेंडू घेऊन रात्री खेळायची. दिवसा चेंडू सापडत नाही, रात्री तो स्वतःच हाक मारतो. आणि इथल्याच क्लबाला सेंट अँड्र्यूजशी परस्पर खेळण्याची सवलत आहे.  त्या बदल्यात कूबर पेडीनं ओपल खणायचा एक पट्टा देऊ केला आणि स्कॉटलंडनं कडाक्याच्या थंडीतला जानेवारी पुढं केला, असं गावात रंगवून सांगतात. खरं असेल तर सौदा बरोबरीत सुटला म्हणायचा.

याच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातलं पाम स्प्रिंग्ज. तेही वाळवंटच, पण त्या खोऱ्यात शंभराहून अधिक गोल्फ मैदानं आहेत आणि ती हिरवीगार ठेवण्यासाठी भूजल उपसतात, कोलोरॅडो नदीचं पाणी आणतात. छायाचित्रात ती सुरेख दिसतात. पण आटत चाललेल्या नदीचं पाणी ज्या हिरवळीत मुरतं, तिचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. निदान दोन्हींपैकी विचित्र कुठलं, हे ठरवताना घाई करू नये.

कुणाला खेळून पाहायचंच असेल तर एप्रिल ते सप्टेंबर हा काळ गाठावा. तेव्हा दिवस सुखाचे असतात, रात्री स्वेटर लागतो. टोपी, पाणी आणि जाड तळाचे बूट हवेतच. नवेकोरे क्लब नेऊ नयेत. खडे त्यांच्या तळावर ओरखडे काढतात. जुना सात नंबरचा आयर्न आणि एक पटर एवढ्यावरही नऊ होल होतात. चेंडू मात्र भरपूर न्यावेत.