छपरावरील पावसाचा हिशेब

सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा लहान वाटतो. म्हणून छपरावरचे पाणी अंगणातून वाहून गेले तरी त्याची हळहळ कोणास वाटत नाही. पुढे फाल्गुन-चैत्रात विहिरी तळ गाठतात. तेव्हा हंडा-कळशी घेऊन दूर जाण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया व मुली यांच्याकडे येते आणि त्याची खूण शाळेच्या हजेरीपटावरही उमटते. यास्तव छपरावरील पाण्याचा हिशेब शिक्षकांनी स्वतः समजून घेऊन मुलांकरवी घरोघर पोचविणे अगत्याचे आहे.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस साचला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. ८ मीटर लांब व ५ मीटर रुंद घराचे छप्पर ४० चौरस मीटर जागा झाकते. छपराला उतार असला, तरी उताराची लांबी न मोजता झाकलेल्या जमिनीचेच क्षेत्रफळ धरावे. अशा छपरावर ५०० मिलिमीटर पावसाचे २०,००० लिटर पाणी पडते. उडून वा सांडून जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, तरी १६,००० लिटर उरते.

पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ५ लिटर धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास १०० दिवसांना २,५०० लिटर पाणी लागते. म्हणजे उन्हाळ्यापुरती गरज ३,००० लिटरांच्या टाकीने भागू शकते. उरलेले पाणी परसबागेकडे वळवावे अथवा दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात जिरवावे.

पत्र्याचे किंवा कौलारू छप्पर या कामी उपयोगी पडते. गवताने शाकारलेले व मातीच्या धाब्याचे छप्पर पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नये. मृगापूर्वी छप्पर झाडून काढावे व वळचणीला एका बाजूस किंचित उतार देऊन पन्हळ बसवावी. पहिल्या एकदोन सरींचे पाणी धूळ व पाखरांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडावे. मोठ्या उघडिपीनंतरही हीच दक्षता घ्यावी. पुढचे पाणी खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून टाकीत घ्यावे. टाकी घट्ट झाकलेली असावी. उजेड आत गेल्यास शेवाळ धरते आणि फट राहिल्यास डास अंडी घालतात. परतीच्या पावसात टाकी पूर्ण भरून ठेवावी व तो साठा उन्हाळ्यासाठी राखावा. पिण्यापूर्वी हे पाणी उकळून घेणे इष्ट होय.

या कार्याचा आरंभ शाळेपासून करता येईल. सरळ कडांचे एखादे भांडे उघड्या जागी ठेवून त्यात साचलेल्या पाण्याची खोली मुलांनी रोज ठरावीक वेळी पट्टीने मोजावी, वहीत मांडावी व भांडे रिते करावे. सहावी-सातवीच्या मुलांनी शाळेचे व आपापल्या घराचे छप्पर मोजून महिन्याचे लिटर काढावेत. क्षेत्रफळ व घनफळ यांचा पाठ त्यायोगे अनायासे पक्का होईल. आणि मुलांनी स्वतः मोजलेले पाणी घरच्या वडीलधाऱ्यांस उपदेशापेक्षा लवकर पटेल.